उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरांना आपलंच गाव कसं दाखवायचं? (तेही ऊन चढायच्या आत)

वेशीतली_वहिनी | ४ मे, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. घरात सध्या सात लेकरं आहेत. माझी दोन, जाऊबाईंची तीन आणि पुण्याहून आलेली नणंदेची दोन. आम्ही कारंज्याचे, म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड. (कारंजा घाडगे वेगळं, ते वर्धा जिल्ह्यात. दर वेळी सांगावं लागतं.)

परवा जेवताना पुणेकर भाचा म्हणाला, "मामी, तुमच्या गावात बघायला काहीच नाहीये ना?" त्याच्या आईचं माहेर आहे हे! नणंदबाई मान खाली घालून भात कालवत बसल्या. मला मात्र ते लागलं.

दुसऱ्याच दिवशी सातही जणांना घेऊन निघाले. ठरवलं, चारही वेशी एका दमात दाखवायच्या. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस. आवरता आवरता साडेसात झाले. प्रत्येक वेशीखाली उभं करून मी तोंडपाठ केलेला इतिहास सांगितला. तिसऱ्या वेशीपर्यंत साडेनऊ झाले, ऊन डोक्यावर, धाकटीला उलटी झाली, आणि चौथी वेस आम्ही ऑटोतूनच पाहिली. रात्री विचारलं, काय काय पाहिलं रे? उत्तर आलं, "कुत्रीची चार पिल्लं. एक पांढरं होतं."

चूक माझी आहे हे कळतंय. म्हणून इथे विचारतेय. गावात गोष्टी भरपूर आहेत. गुरुमंदिर आहे, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव हे. जुनी जैन मंदिरं आहेत, वाडे आहेत, शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेचं स्टेशन आहे. पण मुलांनी तिथे जाऊन करायचं काय? नुसतं बघून ती कंटाळतात. आणि मला सकाळचे दोनच तास मिळतात, नंतर घरचा स्वयंपाक आणि बाहेर ४५ डिग्री.

---

पारावरचा_आबाजी | ४ मे, रात्री १०.३२

काहून वो वहिनी, मे मइन्यात पोट्ट्याइले साडेसातले बाहेर काढलं? ह्या दिवसात साडेसात म्हंजे दुपारच हाय. पाचले उठवा, साडेपाचले निंगा, साडेसातले घरी. डोक्याले दुपट्टा, खिशात कांदा. मंग पाहा वेस काय न् बारव काय.

आन् चार वेशी एका दिवसात? आमच्या टायमाले चार वेशी पाहाले माणूस जल्मभर घेये.

---

हौदकाठ | ४ मे, रात्री ११.०५

वहिनी, मी अचलपूर तालुक्यात शिक्षक आहे. अशी फजिती दरवर्षी एकदा तरी होतेच, मनाला लावून घेऊ नका.

माझा एकच नियम आहे. एका सकाळी एकच जागा आणि एकच प्रश्न. उत्तर आपण द्यायचं नाही. ठाऊक असलं तरी गिळून टाकायचं. शिक्षकाला हे सगळ्यात जड जातं.

आमच्याकडे गावाबाहेर हौज कटोरा आहे. वाटोळ्या हौदाच्या मधोमध अष्टकोनी, मजल्यामजल्यांची इमारत. मी मुलांना काठावर बसवतो आणि विचारतो, हौद पाण्याने भरलेला असताना माणूस आत जायचा कसा? बस. पाऊण तास भांडणं चालतात. नाव म्हणतात, तराफा म्हणतात, एकाने दोरीला लटकवून नेला. मग आपोआप सगळे इमारतीभोवती फिरून दारं कुठल्या उंचीवर आहेत ते पाहतात. मला हवं असतं ते तेच पाहणं. इमादशाहीची सुरुवात १४९० ची, फतहुल्ला इमादउल्मुल्क, अचलपूर राजधानी, हे सगळं त्यानंतर दोन वाक्यांत सांगितलं तरी चिकटतं.

वेशीसाठी प्रश्न देतो. "ही वेस रात्री बंद कशी करत असतील?" दार आज नसलं तरी चालेल. मुलांना दगडात शोधू द्या. दाराचा खुंट फिरायचा तो खालचा खळगा, आडवा अडसर सरकवायची भिंतीतली भोकं, झिजलेल्या कडा. काही सापडेल, काही नाही. सोबत दोरी किंवा टेप द्या, मोजायला काही असलं की हात रिकामे राहत नाहीत. कमानीखालून कडब्याची बैलगाडी जाईल का, हे मोजून सांगा म्हणायचं.

दगडावर खडू, कोळसा, कागद ठेवून पेन्सिल घासणं यातलं काही करू देऊ नका. लेख असेल तर उलट सांभाळून. फोटो पुरे.

---

अडीच_फुटी | ५ मे, सकाळी ६.१५

शकुंतलेचं नाव निघालं म्हणून आलोच. माझे वडील मूर्तिजापूरला रेल्वेत होते.

स्टेशनवर टेप घेऊन जा. जिथे रूळ उघडे दिसतात तिथे दोन रुळांमधलं अंतर मोजायला लावा. ७६२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अडीच फूट. मग कधी मूर्तिजापूरला गेलात की मुंबई-हावडा मार्गावरच्या रुळांकडे नुसतं बोट दाखवा, ते १६७६ मिलिमीटर. तिथे मोजायला जाऊ नका, ती चालती लाइन आहे! पण एकदा अडीच फूट हाताने मोजले असले की फरक डोळ्यालाच कळतो.

माझ्या वडिलांची आवडती गोष्ट ही की आपला कापूस या गाडीने मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि बोटीने मँचेस्टरला जायचा. आणि या गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ साली कुठे बनलं होतं? मँचेस्टरलाच. कापूस गेला आणि इंजिन आलं. ते इंजिन १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल लागलं. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ही लाइन खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली होती.

घरात कोणी शकुंतलेतून प्रवास केलेलं असेलच. त्यांना मुलांसोबत न्या. चालत्या गाडीतून उतरून, शेतातली बोरं तोडून, पुन्हा त्याच गाडीत चढता यायचं, हे मुलांना तुमच्या तोंडून खरं वाटणार नाही.

---

कोरडवाहू | ५ मे, दुपारी २.४०

तुमचं बरं आहे, तुमच्याकडे वेशी आणि रेल्वे. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. दोनशे घरं. ना किल्ला, ना वाडा, ना बारव. मारुतीचं देऊळ आहे, त्यालाही मागच्या वर्षी टाइल्स लावल्या. आम्ही काय दाखवायचं, टाइल्स?

---

हौदकाठ | ५ मे, दुपारी ३.०२

हो, टाइल्सच दाखवा! टाइल्स लावायच्या आधी आतला दगड कसा होता हे ज्या आजीला आठवतं तिला बोलावून तिच्याकडून जमिनीवर काढून घ्या.

आणि काहीच नाही असं म्हणू नका. गावाखालची माती कशी आहे? आपल्याकडे शेतीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. पांढरी उगाच पांढरी होत नाही. शेकडो वर्षं माणसं राहिली, चुलीतली राख टाकली, मातीची घरं पडली, त्यावर पुन्हा बांधली. पहिल्या पावसानंतर पांढरीच्या कडेने चाललात तर खापराचे तुकडे दिसतात. उचलून पाहायचं, बोटाने काठ चाचपायचा, रांजणाचा की परळाचा ते ओळखायचं आणि जिथलं तिथे ठेवायचं. घरी न्यायचं नाही, खणायचं तर मुळीच नाही.

अजून एक. तलाठ्याकडच्या नकाशात तुमच्या शिवाराला लागून कुठे "रिठ" लिहिलंय का पाहा. रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. नाव कागदावर उरतं, माणसं नाहीत. ती का गेली असतील? या एका प्रश्नावर माझ्या वर्गाचा एक आठवडा गेला होता. विहीर आटली, पटकी आली, वाट बदलली, मुलांनी काय काय काढलं!

---

कोरडवाहू | ५ मे, दुपारी ३.१०

रिठ आहे. आमचं वावरच रिठातलं. आजवर डोक्यात आलं नाही.

---

टेकडीखालचे | ५ मे, रात्री ९.२०

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून लिहितोय. वरच्या चर्चेला जोड.

आमच्या गावाजवळ जगन्नाथ टेकडी आहे. लहानपणी आम्ही तिच्यावर बोरं खायला आणि पतंग उडवायला जायचो. टेकडी म्हणजे टेकडी, अजून काय. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झालं तेव्हा खाली बौद्ध स्तूप निघाला. दोन हजार वर्षांहून जुना. कोरलेले खांब, ब्राह्मी लेख, फणा काढलेला मुचलिंद नाग.

गावातल्या एका म्हाताऱ्या काकांनी त्या वेळी खोदकामावर मजुरी केली होती. आता ते नाहीत. त्यांना कोणीच बसून नीट विचारलं नाही, मीही नाही, याची रुखरुख आहे. कोरडवाहू भाऊ, रिठाबद्दल ज्यांना ठाऊक असेल त्यांना याच सुट्टीत गाठा.

पवनीला आलात तर किल्ल्याचा दरवाजा आणि वैनगंगेचे घाट सकाळी. नदीचा वारा असतो, तेवढाच दिलासा.

---

दगडगोटा | ६ मे, सकाळी ७.४५

नागपूरकडच्यांसाठी एक ठिकाण सांगतो. जुनापाणी. माळरानावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, शेकड्यांनी. लोहयुगातल्या माणसांची स्मारकं, दफनाच्या जागा. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, सगळी याच कुळातली. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी सापडली.

माझ्या मुलीला तिथे नेलं तेव्हा ती आधी म्हणाली, "हे तर नुसते दगड आहेत." मग तिला एका दगडावर वाटीएवढे कोरलेले खळगे दिसले. त्यानंतर दीड तास ती फक्त खळगे शोधत होती. पुढच्या वर्षी आमच्याच शिवारात बांधाला लावलेला एक गोल दगड पाहून मला म्हणते, बाबा, हा कुठून उचलून आणलाय? मला उत्तर देता आलं नाही.

---

सुट्टी_स्पेशल | ६ मे, दुपारी १२.३०

छान चर्चा. मी सुचवेन की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, रोज एक क्विझ, दहा गुण, शेवटी प्रमाणपत्र आणि बक्षीस. मुलं हिरिरीने भाग घेतात. आमच्या सोसायटीत केलं होतं.

---

पारावरचा_आबाजी | ६ मे, दुपारी १२.४१

वरून शाया लावून राह्यले का उन्हायात बी?

---

वेशीतली_वहिनी | ६ मे, रात्री १०.५०

सगळ्यांचे आभार. सुट्टी_स्पेशल, राग मानू नका, पण गुण आले की माझा थोरला पहिला येतो आणि बाकीची सहा घरी बसतात. पाहून झालंय.

कालपासून नव्याने सुरू केलं. साडेपाचला निघालो. एकच वेस, दिल्ली वेस. प्रश्न सरांचा: रात्री बंद कशी करत असतील? टेप पुणेकर भाच्याकडे दिला, त्यामुळे तो एकदम अधिकारी झाला. मी तोंडाला कुलूप लावलं. (फार कठीण आहे हो सर.)

चहाची टपरी उघडत होती. तिथले काका दहा मिनिटं आमच्याकडे बघत होते, मग न राहवून आलेच. म्हणाले, ही दिल्लीकडची वाट म्हणून दिल्ली वेस. बाकीच्या वेशींची नावंही त्या त्या गावाच्या वाटेवरून. धाकटी म्हणाली, "म्हणजे जुन्या काळची बोर्ड लावलेली पाटी?" मला आयुष्यात हे असं सुचलं नव्हतं.

उद्या जैन मंदिर. कोणी गेलंय का मुलांना घेऊन? काय काळजी घ्यावी?

---

ओसरी | ७ मे, सकाळी ५.५०

मी कारंज्याचीच सासुरवाशीण, आता अकोल्यात. आदल्या दिवशी जाऊन विचारून या. पूजेची वेळ टाळा, चामड्याचे पट्टे-पाकिटं घरी ठेवा, आत फोटो काढायचे असतील तर आधी विचारा. दर्ग्यात जाल तर डोकं झाका, गुरुमंदिरात सोवळ्याच्या जागा असतात तिथे थांबा. विचारणं मुलांना करू द्या, आपण मागे उभं राहायचं. "आम्ही गाव बघतोय, आत येऊ का?" एवढं वाक्य लेकराने म्हटलं की नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

---

वेशीतली_वहिनी | ८ मे, रात्री ९.३०

ओसरीताई, तुमचं वाक्य चाललं. भाचीने विचारलं आणि तिथल्या आजोबांनी स्वतः सगळं दाखवलं.

कारंज्यात तीन परंपरांची जुनी मंदिरं आहेत. सेनगण, काष्ठासंघ आणि बलात्कारगण. हे तिसरं नाव पाटीवर वाचून माझ्या बारा वर्षांच्या पुतणीने माझ्याकडे जे पाहिलं! मी घसा खाकरला. आजोबांना बहुतेक सवय असावी. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे दिगंबर मुनींच्या एका फार जुन्या गणाचं नाव आहे, आजच्या अर्थाशी त्याचा काही संबंध नाही. शब्द तोच राहतो आणि अर्थ घर बदलतो, असं म्हणाले. पुतणीने मान डोलावली आणि विषय संपला. मीच उगाच घामाघूम.

लाकडी कोरीवकाम मुलांना फार आवडलं. प्रश्न ठेवला होता, "किती प्राणी दिसतात?" प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून तीनदा मोजणी. शिवाय आजोबांनी सांगितलं की इथल्या भांडारांत हस्तलिखितं आहेत, आणि हजार वर्षांपूर्वीच्या पुष्पदंत कवीची अपभ्रंश काव्यं जगापुढे यायला इथल्या प्रतींची मदत झाली. अपभ्रंश म्हणजे मराठीच्या आजीची पिढी, असं मी सांगितलं. आजी शब्द आला की मुलं ऐकतात.

रात्री गच्चीवर सासूबाईंनी कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगितली. उंटांवरून कस्तुरी विकायला एक व्यापारी गावात आला, एवढा माल घेणारं कोणी मिळेना, म्हणून तो गावाला नावं ठेवून निघाला. तेव्हा इथल्या एका सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकली. दंतकथाच, पण आता काय झालंय, सातही लेकरं गावातल्या प्रत्येक जुन्या भिंतीला नाक लावत हिंडतात. एका ठिकाणी खरंच घमघमाट आला. पलीकडे आलूबोंडे तळत होते.

---

माळवद | ९ मे, सकाळी ८.१५

मजा येतेय वाचायला. पण एक विचारतो. १६७० मध्ये मराठ्यांच्या फौजेने कारंजा लुटलं होतं. ते सांगणार का मुलांना? की ते सोडून द्यायचं?

---

वेशीतली_वहिनी | ९ मे, दुपारी १.००

मलाही तीच धाकधूक आहे. आमच्या घरात दिवाणखान्यात महाराजांचा फोटो आहे.

---

हौदकाठ | ९ मे, दुपारी १.२५

सांगा, न लपवता. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, त्याच वर्षाच्या अखेरीची गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मोगलांकडे होतं आणि कारंजा ही गबर पेठ. मोगलांशी युद्ध चालू होतं, त्याला पैसा लागत होता. इतिहासाच्या पुस्तकांत असं येतं की लूट चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेली. आणि गावातला सगळ्यात बडा सावकार बाईच्या वेषात निसटला, कारण फौज बायकांना हात लावणार नाही याची त्याला खात्री होती.

हे दोन्ही तपशील एकत्र सांगा. लुटणाऱ्या फौजेबद्दल लुटल्या जाणाऱ्या माणसाला काय ठाऊक होतं, हे त्या एका लुगड्यात आहे.

---

माळवद | ९ मे, दुपारी १.४०

हे आवडलं. पण लहान मुलांना पेलेल का?

---

ओसरी | ९ मे, दुपारी २.०५

मोठ्यांनाच पेलत नाही, मुलांचं काय घेऊन बसलात.

---

वेशीतली_वहिनी | ११ मे, रात्री १०.१५

पेललं. कसं ते सांगते.

सांगून झाल्यावर दोन मिनिटं सगळी गप्प. मग थोरला म्हणाला, "आपण तेव्हा कोणाच्या बाजूने असतो?" मी म्हटलं, ठाऊक नाही, आपलं दुकान असतं तर बहुधा पळालो असतो. त्यावर धाकटीचा भलताच प्रश्न: "चार हजार बैल म्हणजे किती?"

आणि खरा खेळ तिथे सुरू झाला. पुणेकर भाचा टेप घेऊन शेजारच्या गोठ्यात. बैल नाकापासून शेपटीपर्यंत आठ फूट भरला (बैलाने सहकार्य केलं नाही, दोनदा मोजावं लागलं). दोन बैलांच्या मधे दोन फूट सोडले. दहा फूट गुणिले चार हजार. चाळीस हजार फूट, म्हणजे बारा किलोमीटर! एकामागे एक चालले तर पहिला बैल दोन-तीन गावं ओलांडून गेला तरी शेवटचं गाढव अजून वेशीतच. मग वाद. रांग एकेरी की दुहेरी? गाढव बैलापेक्षा लहान, त्याचं काय? वेशीची रुंदी त्यांनी आधीच मोजलेली होती, ती वही आणली. रात्री साडेअकरापर्यंत अंगणात हे चाललं होतं. पुण्याला नणंदेच्या मिस्टरांना फोन लावून बैलांचा हिशोब सांगितला गेला. त्यांना आधी वाटलं आम्ही बैल विकत घेतोय.

---

पारावरचा_आबाजी | ११ मे, रात्री १०.२२

😄 चार हजार बैलाइले पानी कुठी पाजलं असंन, हे इचारा आता.

---

जपून_जा | १२ मे, सकाळी ६.४०

आनंदात विरजण घालत नाही, पण एक अनुभव सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही अकरा जण एका पडक्या गढीत गेलो होतो. बुरुजाच्या आत आग्या मोहोळ होतं, कोणाचंच लक्ष नव्हतं. पोरांपैकी कोणीतरी आवाज घुमतो का पाहायला ओरडलं. माझ्या मेहुण्याला चाळीसेक माश्या चावल्या, दोन दिवस सलाइनवर होता.

तेव्हापासून कमानीखाली शिरण्याआधी वर पाहतो. मोहोळ दिसलं तर आल्या पावली परत. अत्तर, स्प्रे लावून जायचं नाही. बारवेत शेवाळलेल्या पायऱ्यांवर मुलांना उतरू देत नाही, तीन मुलांमागे एक मोठं माणूस. भिंतीच्या फटीत हात घालायचा नाही, सकाळच्या गारव्याला साप तिथेच असतात.

---

दगडगोटा | १२ मे, सकाळी ९.००

महत्त्वाचं लिहिलंत. अजून एक जोडतो. कचरा. आम्ही जाताना एक रिकामं पोतं नेतो. पण मुलांना "साफसफाई अभियान" म्हटलं की ती पळतात, म्हणून प्रत्येकाने येताना फक्त पाच गोष्टी उचलायच्या.

चंद्रपूरला इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून गोंडकालीन किल्ल्याचा परकोट साफ करायला घेतला होता, शेकडो दिवस, रोज सकाळी. झुडपं काढल्यावर बुरुज दिसायला लागले. तिथे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. आता लोक परकोटावरून फिरायला जातात. चंद्रपूरकडे सोयरे असतील तर मुलांना खिडकी आणि दरवाजा यांतला फरक शोधायला लावा. नाव खिडकी, पण माणूस आरपार जातो.

---

वेशीतली_वहिनी | १६ मे, रात्री ११.००

आजचं लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

एका जुन्या वाड्यात गेलो होतो. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात. भाचीने नेहमीचं वाक्य म्हटलं आणि दार उघडलं. आत ढाळज, मग चौक, लाकडी खांब. खांबांना निळा ऑइलपेंट. एका ठिकाणी पोपडा निघाला होता, तिथे मुलांनी थर मोजले. निळा, हिरवा, पिवळट, पुन्हा हिरवा, आणि तळाशी काळपट लाकूड. आजी म्हणाल्या, तो पिवळा माझ्या लग्नातला. धाकटीने त्या पिवळ्यावर बोट ठेवलं आणि काढेचना.

मग माजघरात भिंतीच्या पोटात बळद दाखवलं. वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. भोकाला लाकडाचा बुच. भाच्याने विचारलं, हे भिंतीतलं एटीएम आहे का? आजी हसल्या नाहीत, कारण त्यांना एटीएम म्हणजे काय ते सांगावं लागलं, आणि मग इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसले. बुच काढून पाहू का म्हणाला. काढला. थोडी धूळ आणि ज्वारीचे सात-आठ दाणे घरंगळत आले. बळद शेवटचं कधी भरलं होतं ते आजींना नीट आठवत नव्हतं. त्यांनी दाणे हातात घेतले, बघितले, आणि परत आत टाकून बुच लावला.

निघताना त्यांनी सगळ्यांना कैरीचं पन्हं दिलं, आणि भाच्याला म्हणाल्या, तू कोणाचा? त्याने त्याच्या आईचं नाव सांगितलं. मग कळलं, नणंदबाई लहानपणी याच चौकात लंगडी खेळायच्या. घरी आल्यावर त्यांना विचारलं तर म्हणाल्या, हो, तिसऱ्या खांबाला माझं डोकं आपटलं होतं. उद्या ती स्वतः येतेय आमच्यासोबत. इतके दिवस कूलरसमोरून हलली नव्हती.

---

ओसरी | १६ मे, रात्री ११.२०

वाड्यातल्या त्या आजींकडे मी हळदीकुंकवाला जायचे. त्यांना माझा नमस्कार सांगा. नाव सांगू नका, "अकोल्याची" म्हणा, ओळखतील.

---

कोरडवाहू | १७ मे, दुपारी ३.५०

इकडचंही लिहितो. रिठाबद्दल विचारायला मुलाला घेऊन गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी रिठातल्या मारुतीची जागा दाखवली. आमच्याच बांधावर, निंबाखाली, शेंदराचा पातळ थर असलेला दगड. मी बावीस वर्षं त्याला टेकून डबा खातोय.

मुलगा म्हणतो, आता बाजूला बसून खात जा.

---

अडीच_फुटी | १७ मे, रात्री ८.३०

वहिनी, स्टेशन राहिलं की हो तुमचं.

---

वेशीतली_वहिनी | १८ मे, रात्री ९.४५

राहिलं नाही, भाऊ. आज गेलो. ७६२ चे ७६० भरले, टेप जुना आहे. सासरे सोबत आले होते. तिकीट खिडकीच्या जागेपाशी उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुमच्या आजीला बघायला मी याच गाडीने गेलो होतो. गाडी चार तास उशिरा. पोचलो तेव्हा तिकडचे लोक जेवून झोपले होते. मुलांनी त्या चार तासांवर इतके प्रश्न विचारले की ते दमून बाकावर बसले.

२५ तारखेच्या आसपास नवतपा (उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस) लागतो, त्याआधी पुण्याची मंडळी निघणार. अजून दोन सकाळी हाताशी आहेत. पाहुण्यांना पेव दाखवायचं आहे, जमिनीतलं, ज्वारी साठवायचं. आमच्याकडे गावात उरलेलं नाही. कोणाकडे आहे का?

---

पारावरचा_आबाजी | १८ मे, रात्री १०.०२

हाय ना. आमच्या वाड्यात हाय, तुमच्याइथून तासाभराचा रस्ता. या पोट्ट्याइले घेऊन. पन उतराचं नाई कोनी. बंद पेवात हवा खराब असते, माणूस जाते. मी आदल्या दिशी झाकन काढून ठेवतो, तवरीक ते मोकयं होते. मंग दोरीले कंदील बांधून खाली सोडू. कंदील इझला त समजाचं आत हवा नाई. जयत राह्यला त वरूनच वाकून पाहू, कडेले बाज आडवी टाकतो.

तो टेपवाला पोट्टा नक्की आना. पेव किती खोल हाय हे आमच्या बुढ्यानं मले कधी सांगतलं नाई, आन् म्या कधी मोजलं नाई.

---

वेशीतली_वहिनी | १८ मे, रात्री १०.१०

परवा सकाळी साडेपाचला निघतो. सात लेकरं, नणंदबाई, मी. नवीन टेप घेतलाय.